चेक इंजिनचा दिवा आणि ऑक्सिजन सेन्सर : आधी तपासणी, मग खरेदी

पेट्रोल गाडीच्या डॅशबोर्डवर चेक इंजिनचा पिवळा दिवा लागतो, गॅरेजमध्ये स्कॅनर लावल्यावर ऑक्सिजन सेन्सरचा कोड दिसतो आणि त्याच दिवशी नवा सेन्सर बसवून गाडी घरी येते. पुष्कळदा आठ-पंधरा दिवसांत तोच दिवा पुन्हा लागतो आणि मग ‘सेन्सर डुप्लिकेट निघाला’ असे म्हणून विषय संपवला जातो. खरे कारण बहुधा वेगळे असते. ऑक्सिजन सेन्सर हा साक्षीदार आहे. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरात किती ऑक्सिजन उरला आहे एवढेच तो ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाला, सांगतो, आणि त्याने सांगितलेली गोष्ट वाईट आहे म्हणून तो खोटे बोलतो आहे असे होत नाही. त्यामुळे या कामाचा मोठा भाग पाना हातात घेण्यापूर्वीचा आहे. सेन्सर बदलायला फार वेळ लागत नाही. तो बदलायलाच हवा का, हे ठरवण्यात अर्धा दिवस गेला तरी तो वाया गेला असे समजू नये.

पुढील विवेचनात चार सिलिंडरची, टर्बो नसलेली, भारत स्टेज ४ या प्रदूषण-निकषाच्या काळातील पेट्रोल गाडी गृहीत धरली आहे. अशा गाडीत सहसा चार तारांचे दोन सेन्सर असतात: एक कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या, म्हणजे धुरातील विषारी वायू कमी करणाऱ्या डब्याच्या, आधी आणि दुसरा त्याच्या नंतर. स्कॅनरवर पहिल्याला ‘बँक १, सेन्सर १’ आणि दुसऱ्याला ‘बँक १, सेन्सर २’ असे म्हटलेले दिसते. पेट्रोल किती सोडायचे हे प्रामुख्याने पहिल्या सेन्सरवरून ठरते, तर दुसऱ्याचे मुख्य काम कन्व्हर्टरवर नजर ठेवण्याचे असते.

सेन्सर नेमके काय सांगतो

जर्मनीच्या बॉश कंपनीने विकसित केलेला हा सेन्सर १९७६ मध्ये व्होल्व्होच्या अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या गाड्यांत प्रथम आला, आणि त्याचे मूळ तत्त्व आजही तेच आहे. झिर्कोनिया या सिरॅमिकच्या लहानशा टोपीच्या आतल्या बाजूला बाहेरची हवा असते आणि बाहेरच्या बाजूला इंजिनाचा धूर असतो. टोपी साधारण ३०० ते ३५० अंश सेल्सिअसपर्यंत तापली की दोन्ही बाजूंच्या ऑक्सिजनच्या प्रमाणातील फरकामुळे तिच्यात विजेचा अल्प दाब तयार होतो. मिश्रण रिच असेल, म्हणजे पेट्रोल जास्त झाले असेल, तर ०.८ ते ०.९ व्होल्ट मिळतात. मिश्रण लीन असेल, म्हणजे हवा जास्त झाली असेल, तर ०.१ ते ०.२ व्होल्टच मिळतात.

यातली मेख अशी की, एक भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा या आदर्श प्रमाणाच्या आसपास हा दाब एकदम उडी मारतो. त्यामुळे पेट्रोल जास्त आहे की कमी एवढे या सेन्सरला सांगता येते, पण किती जास्त किंवा किती कमी ते सांगता येत नाही. ईसीयू म्हणून पेट्रोल थोडे वाढवतो, सेन्सरने ‘जास्त झाले’ म्हटले की थोडे कमी करतो, आणि हे चक्र अखंड चालू ठेवतो. गरम इंजिनावर पहिल्या सेन्सरचा आकडा सतत वरखाली होताना दिसतो तो यामुळेच. तो एका जागी स्थिर दिसला तरच काळजी करायची, हे अनेकांना उलटे वाटते.

इंजिन सुरू केल्यावर लवकर तापावे म्हणून सेन्सरच्या पोटात एक छोटा हीटर असतो. चारपैकी दोन तारा त्या हीटरच्या असतात आणि उरलेल्या दोन सिग्नलच्या. एक लाख किलोमीटरच्या पुढे गेलेल्या गाडीत हा हीटर जळणे हा सेन्सरच्या खऱ्याखुऱ्या बिघाडांतला अगदी नेहमीचा प्रकार आहे.

एक अपवाद येथेच नोंदवायला हवा. काही नव्या गाड्यांत, विशेषतः भारत स्टेज ६ च्या, पहिला सेन्सर वाइडबँड प्रकारचा असतो. त्याला बहुधा पाच तारा असतात, तो विजेच्या प्रवाहातून मिश्रणाचे नेमके प्रमाण सांगतो, आणि त्याचा आकडा वरखाली उड्या मारत नाही. मल्टीमीटरच्या ज्या चाचण्या पुढे दिल्या आहेत त्यांतील हीटरची चाचणी सोडता बाकीच्या त्याला लागू पडत नाहीत; अशा गाडीत स्कॅनरवरील आकड्यांवरच विसंबावे लागते.

कोड वाचताना

स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये लावायचा ब्लूटूथ स्कॅनर आणि मोबाइलवरचे एखादे ॲप एवढे या कामाला पुरते. मात्र स्कॅनर असा घ्यावा की जो नुसते कोड न दाखवता चालू इंजिनाचे आकडेही दाखवेल. कोड दिसताच तो पुसून टाकण्याचा मोह आवरावा. कोडसोबत ईसीयू त्या क्षणाची नोंद, म्हणजे फ्रीझ फ्रेम, साठवून ठेवतो. बिघाड झाला तेव्हा इंजिन किती गरम होते, वेग किती होता, भार किती होता हे सारे त्यात असते आणि कोड पुसला की तीही जाते. आधी सगळे लिहून घ्यावे किंवा पडद्याचे फोटो काढून ठेवावेत.

कोडांचे दोन गट मनात वेगळे ठेवले की निम्मा गोंधळ संपतो. पहिला गट सेन्सरबद्दल किंवा त्याच्या वायरिंगबद्दल बोलतो. पी ०१३५ म्हणजे पहिल्या सेन्सरच्या हीटरच्या सर्किटमध्ये दोष, आणि पी ०१४१ म्हणजे तोच दोष दुसऱ्या सेन्सरमध्ये. पी ०१३३ म्हणजे पहिला सेन्सर मंदावला आहे, तर पी ०१३४ म्हणजे त्याची काही हालचालच दिसत नाही. पी ०१३१ आणि पी ०१३२ हे अनुक्रमे दाब फार कमी आणि फार जास्त असल्याचे कोड आहेत, आणि त्यांच्या बाबतीत सेन्सरवर संशय घेण्याआधी खरोखरच मिश्रण बिघडलेले नाही ना, हे पाहावे लागते.

दुसरा गट सेन्सरच्या साक्षीवरून काढलेल्या निष्कर्षांचा आहे. पी ०१७१ म्हणजे मिश्रण लीन, पी ०१७२ म्हणजे मिश्रण रिच, आणि पी ०४२० म्हणजे कन्व्हर्टर नीट काम करत नाही. या तीन कोडांवर सेन्सर बदलून दिवा कायमचा गेला असे क्वचितच घडते. पी ०४२० आला की दुसरा सेन्सर बदलून पाहण्याची पद्धत तर मुळीच योग्य नाही. कन्व्हर्टर चांगला असेल तर दुसऱ्या सेन्सरचा आकडा गरम इंजिनावर ०.६ ते ०.७ व्होल्टच्या आसपास बराचसा स्थिर राहतो. तो पहिल्या सेन्सरसारखाच वरखाली नाचू लागला तर सेन्सर उत्तम आहे आणि कन्व्हर्टर संपत आला आहे, असाच त्याचा अर्थ होतो.

गाडी न उघडता करायच्या चाचण्या

गाडी दहा-पंधरा मिनिटे चालवून इंजिन पूर्ण गरम करावे आणि मोकळ्या जागेत उभी करावी. बंद गॅरेजमध्ये किंवा इमारतीखालच्या पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून ही कामे करू नयेत, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. स्कॅनरवर पहिल्या सेन्सरचे व्होल्ट, शॉर्ट टर्म फ्युएल ट्रिम आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिम असे तीन आकडे एकत्र लावावेत. ट्रिम म्हणजे ईसीयूने ठरलेल्या मापापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवले किंवा घटवले याचा हिशेब. अधिक चिन्ह असेल तर तो पेट्रोल वाढवतो आहे. अधिक किंवा उणे पाच टक्क्यांच्या आतला आकडा निरोगी समजावा आणि दोन्ही ट्रिमची बेरीज दहाच्या पलीकडे गेली की कारण शोधावे.

आता इंजिनाला अडीच हजार आरपीएमवर स्थिर रेस द्यावी. चांगला सेन्सर ०.२ च्या खाली आणि ०.७ च्या वर असा सेकंदाला एखादी फेरी तरी मारताना दिसतो. स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनर आकडे सावकाश वाचतो, त्यामुळे फेऱ्या मोजताना त्याच्यावर फार विश्वास टाकू नये. एकावेळी एकच आकडा लावला तर वाचन बरेच जलद होते.

याहून अधिक बोलकी चाचणी रस्त्यावर होते. शेजारी बसलेल्याने मोबाइल पाहावा आणि चालकाने फक्त रस्ता पाहावा. मोकळ्या रस्त्यावर दुसऱ्या किंवा तिसऱ्या गिअरमध्ये जोरात पिकअप घेतला की ईसीयू मुद्दाम जादा पेट्रोल देतो आणि आकडा ०.८ च्या वर जायला हवा. त्यानंतर गाडी गिअरमध्येच ठेवून ॲक्सिलरेटरवरून पाय पूर्ण काढला की पेट्रोल फवारणारे इंजेक्टर काही काळ बंद होतात, सायलेन्सरमध्ये निव्वळ हवा जाते आणि आकडा झटकन शून्याजवळ यायला हवा. ज्या सेन्सरने ही दोन्ही टोके न अडखळता दाखवली तो जिवंत आहे, मग कोड काहीही असो. पहिला सेन्सर कायम ०.१ वर किंवा कायम ०.९ वर बसून राहिला, किंवा खाली यायला त्याला दोन-तीन सेकंद लागले, तर पुढच्या तपासणीला खरा आधार मिळतो.

ट्रिमचे आकडे वेगवेगळ्या आरपीएमवर कसे बदलतात हेही पाहावे, कारण तेथेच बहुतेक खोटे आरोप उघडे पडतात. आयडलिंगला, म्हणजे रेस न देता इंजिन चालू असताना, ट्रिम अधिक वीसच्या आसपास आणि रेस दिल्यावर पाचच्या खाली येत असेल, तर इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनाला हवा नेणाऱ्या नळ्यांत, कुठूनतरी जादा हवा शिरते आहे: फाटलेला व्हॅक्युम पाइप, वाळलेले गॅस्केट, नीट न बसलेली ऑइलची डिपस्टिक. उलट आयडलिंगला सगळे ठीक आणि भार वाढला की ट्रिमही वाढते, असे असेल तर पेट्रोल कमी पोहोचते आहे: पंप थकला, फिल्टर तुंबला किंवा इंजेक्टर माखले. ट्रिम उणे पंधरा-वीस आणि सेन्सर वरच्या बाजूला, अशी जोडी दिसली तर गळणारा इंजेक्टर किंवा उघडा राहिलेला पर्ज व्हॉल्व्ह (टाकीतील पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारी झडप) यांचा विचार आधी करावा.

दोन फसव्या परिस्थिती वेगळ्या सांगायला हव्यात. सेन्सरच्या आधी धूर बाहेर नेणाऱ्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डला तडा गेला असेल किंवा गॅस्केट जळले असेल, तर धुराच्या दोन ठोक्यांमधल्या क्षणी बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सर तिच्यातला ऑक्सिजन प्रामाणिकपणे मोजून ‘लीन’ असे कळवतो. थंड इंजिन सुरू करताना ऐकू येणारा टिकटिक असा आवाज आणि जोडाजवळ साचलेली काजळीची काळी रेघ या गळतीच्या खुणा आहेत. दुसरी परिस्थिती मिसिंगची. एखाद्या सिलिंडरचा प्लग पेटला नाही तर न जळलेल्या पेट्रोलसोबत न वापरलेला ऑक्सिजनही बाहेर पडतो. सेन्सरला पेट्रोल दिसत नाही, ऑक्सिजन दिसतो, म्हणून धुराला पेट्रोलचा वास येत असतानाही तो लीनच सांगतो. मिसिंगचे पी ०३०० ते पी ०३०४ पैकी कोड सोबत असतील तर आधी प्लग आणि कॉइल पाहावेत.

आपल्याकडच्या इंधनांचाही येथे संबंध येतो. पंपावर आता मिळणाऱ्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला जळण्यासाठी तुलनेने कमी हवा लागते, आदर्श प्रमाण १४.७ वरून साधारण साडेतेरापर्यंत उतरते, आणि म्हणून जुन्या पेट्रोलसाठी जुळवलेली गाडी काही टक्के अधिक ट्रिम दाखवते. तेवढ्यावरून सेन्सरला दोष देऊ नये. बाहेरून सीएनजी किट बसवलेल्या गाडीत सगळ्या चाचण्या आधी पेट्रोलवर कराव्यात. पेट्रोलवर सर्व आकडे ठीक आणि सीएनजीवर बिघडलेले, असे आढळले तर ते किटच्या ट्युनिंगचे काम आहे. शिवाय किट बसवताना सेन्सरची सिग्नलची तार सोलून तिला जोड दिलेला असतो, आणि अनेकदा तो जोड केवळ काळ्या टेपवर तरलेला असतो. टेप सैल झाली की पावसाळ्यात तिथे पाणी मुरते. सेन्सर काढण्याआधी तो जोड उघडून पाहिलेला बरा.

मल्टीमीटरची तपासणी

स्कॅनरने संशय पक्का केला की इंजिन बंद करून सेन्सरच्या तारेमागे जावे आणि तिचा कपलर, म्हणजे तार जोडण्याचा प्लास्टिकचा सांधा, शोधावा. या तारेच्या प्रवासात काय दिसते ते नीट पाहावे: सायलेन्सरला टेकून वितळलेले आवरण, उंदरांनी कुरतडलेली वायर, कपलरच्या पिनांवर हिरवट बुरशीसारखा थर. कोकणातल्या किंवा सतत समुद्राजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांत हा थर फारच आढळतो.

कपलर सोडवल्यावर सेन्सरच्या बाजूच्या पिनांपैकी हीटरच्या दोन ओळखाव्यात. चार तारांपैकी ज्या दोन एकाच रंगाच्या असतात त्या जवळजवळ नेहमी हीटरच्या असतात. बॉशच्या सेन्सरमध्ये त्या पांढऱ्या, तर डेन्सोच्या पुष्कळ सेन्सरमध्ये काळ्या असतात. थंड सेन्सरवर या दोन पिनांमध्ये ओहम मोजावेत. बहुतेक सेन्सरमध्ये ३ ते १५ ओहमच्या दरम्यान आकडा मिळतो. मीटरने अनंत दाखवले तर हीटर तुटला आहे आणि निकाल तेथेच लागला. नेमकी मर्यादा गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये मिळते. ओहमच्या रेंजवर मीटर ठेवून सिग्नलच्या पिनांना मात्र कधीही हात लावू नये, कारण मीटरचा प्रवाह आतल्या सिरॅमिकमधून जाऊन चांगला सेन्सर बिघडू शकतो.

हीटर चांगला निघाला आणि तरीही पी ०१३५ येत असेल, तर दोष गाडीच्या बाजूला आहे. कपलरच्या गाडीकडील बाजूला हीटरच्या एका पिनवर बॅटरीचा दाब यायला हवा. काही गाड्यांत तो इग्निशन ऑन केल्यावर मिळतो, काहींत इंजिन सुरू झाल्यावरच. दाब येत नसेल तर सर्वांत आधी फ्यूज पाहावा. हीटरचा फ्यूज अनेकदा आणखी दोन-तीन वस्तूंसोबत वाटून घेतलेला असतो, आणि हे न पाहता सेन्सर विकत घेणे म्हणजे शुद्ध नुकसान. दाब येत असेल तर दुसऱ्या पिनला ईसीयू अर्थिंग देतो की नाही हे पाच वॅटचा लहान बल्ब दोन्ही पिनांना लावून, इंजिन सुरू ठेवून पाहता येते. तो पेटला किंवा लुकलुकला तर ईसीयूची बाजू ठीक आहे.

सिग्नल पाहण्यासाठी कपलर पुन्हा जोडावा आणि त्याच्या पाठीमागून, रबराच्या सीलशेजारून, बारीक टाचणी सरकवून मीटरच्या तारा लावाव्यात. तारेचे आवरण टोचू नये; ते भोक पुढे गंजाचे दार होते. डिजिटल मीटर २ व्होल्ट डीसीवर ठेवावा. इंजिन थंड असताना पुष्कळ गाड्यांत ईसीयूचा स्वतःचा ०.४५ व्होल्टच्या आसपासचा दाब दिसतो, आणि सेन्सर तापला की आकडा तेथून हलू लागतो. इंजिन गरम झाल्यावरही तो ०.४५ वरच चिकटून राहिला तर सेन्सर जागा झालेला नाही किंवा सिग्नलची तार तुटली आहे.

आकडा खालीच बसून असेल तर कृत्रिमरीत्या मिश्रण रिच करून पाहावे. एकाने मीटर पाहावा आणि दुसऱ्याने हवेच्या नळीत कार्ब क्लीनरचा अगदी छोटा फवारा मारावा. फवारा तापलेल्या मॅनिफोल्डवर पडणार नाही आणि जवळ ठिणगी नाही याची खात्री आधीच करून घ्यावी. चांगल्या सेन्सरवर मीटर ०.१२, ०.१५ असे दाखवत असताना क्षणात ०.८५ च्या पुढे जातो, आणि फवारा थांबला की तितक्याच घाईने खाली येतो. मेलेल्या सेन्सरवर इंजिनाचा आवाज बदलतो, पण आकडा जागचा हलत नाही. आकडा वर अडकला असेल तर उलट करावे: ब्रेक बूस्टरचा सोडून एखादा लहान व्हॅक्युम पाइप क्षणभर काढून हवा आत जाऊ द्यावी आणि आकडा ०.२ च्या खाली येतो का पाहावे.

पीयूसीचा कागदही येथे उपयोगी पडतो. भारत स्टेज ४ आणि ६ च्या पेट्रोल गाड्यांना आयडलिंगला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के आहे. सेन्सर सतत लीन म्हणतो आहे, ईसीयू पेट्रोल वाढवत चालला आहे, प्लगवर कोरडी काजळी जमली आहे आणि पीयूसीत कार्बन मोनॉक्साइड मर्यादेपलीकडे गेला आहे, असे सगळे एकत्र आले आणि मॅनिफोल्डची गळती व मिसिंग नसल्याची खात्री झाली, की सेन्सर खोटे बोलतो आहे हे निश्चित समजावे.

सेन्सर विकत घेताना

गाडीचा चासी नंबर देऊन पार्ट नंबर काढून घ्यावा. पहिला आणि दुसरा सेन्सर बाहेरून सारखे दिसले तरी तारेची लांबी, कपलर आणि हीटर वेगळे असू शकतात. बॉश, डेन्सो किंवा एनजीके यांपैकी ज्या कंपनीचा सेन्सर गाडीत मुळात होता त्याच कंपनीचा घेणे सोयीचे. कपलर नसलेला, तारा तोडून जोडायचा ‘युनिव्हर्सल’ सेन्सर स्वस्त पडतो, पण तो टाळावा. अनेक सेन्सरमध्ये तुलनेची बाहेरची हवा तारेच्या आतील पोकळीतूनच येते. तारेला सोल्डर केले किंवा कपलरमध्ये ग्रीस भरले की ती वाट बुजते आणि नवा सेन्सर पहिल्या दिवसापासून चुकीचे आकडे देतो.

जुना काढणे

हत्यारांत २२ मिलिमीटरचा, एका बाजूने चीर असलेला ऑक्सिजन सेन्सरचा सॉकेट हवा, म्हणजे तार चिरेतून बाहेर राहते. तो नसेल आणि जुना सेन्सर टाकूनच द्यायचा असेल तर त्याची तार कापून साधा २२ चा रिंग पाना वापरता येतो. फिक्स पान्याने मात्र षटकोन गोल होण्याची भीती असते. याखेरीज लांब दांड्याचा रॅचेट, टॉर्क पाना, गंज सोडवणारा स्प्रे, हातमोजे, गॉगल, आणि गाडीखाली जायचे असेल तर जॅकबरोबर स्टँड अवश्य. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही, क्षणभरही, जाऊ नये.

आदल्या रात्री सेन्सरच्या आट्यांवर स्प्रे मारून ठेवावा. दुसऱ्या दिवशी इंजिन काही मिनिटे चालवून बंद करावे आणि मॅनिफोल्ड कोमट होईपर्यंत थांबावे. पूर्ण थंड लोखंडात आटे घट्ट आवळलेले असतात, आणि नुकत्याच बंद केलेल्या इंजिनावर हात गंभीर भाजतो. बॅटरीचा निगेटिव्ह काढावा, कारण लांब दांड्याचे हत्यार अडचणीच्या जागी स्टार्टरच्या तारेला लागू शकते. कपलर सोडवण्याआधी तार कुठून कशी गेली आहे, कोणत्या क्लिपांत बसली आहे याचा फोटो काढावा. सेन्सर फिरताना तारही फिरते, म्हणून ती पूर्ण मोकळी करूनच पाना लावावा.

पहिला जोर सरळ, एकाच दिशेने आणि वाढवत नेणारा असावा. गंजलेला सेन्सर सुटतो तेव्हा एक कोरडा कट् असा आवाज येतो आणि पाना हाताखाली किंचित सरकतो. तेवढ्याने हुरळून जाऊन एकदम फिरवत सुटू नये. अर्धा आटा सैल करावा, पाव आटा पुन्हा आवळावा, स्प्रे मारावा, आणि अशा मागेपुढे हालचालीने तो बाहेर आणावा. मध्येच पाना जड जाऊ लागला तर तो आट्यांतला गंज आणि काजळी दाटल्याचा इशारा आहे. त्याच वेळी जोर केला तर मॅनिफोल्डचे आटे सेन्सरबरोबर सोलून बाहेर येतात, आणि काही हजारांच्या सेन्सरपायी कन्व्हर्टरसह असलेला मॅनिफोल्ड बदलण्याची वेळ येऊ शकते. सेन्सर मुळीच हलत नसेल तर काम तेथेच थांबवून, बुंध्याला गॅसने शेक देऊ शकणाऱ्या गॅरेजकडे गाडी न्यावी. घरात ज्योत पेटवून हा प्रयोग करू नये.

बाहेर आलेल्या सेन्सरचे टोक उजेडात धरून पाहावे. फिकट करडा किंवा तपकिरी रंग सामान्य आहे. कोरडी काळी काजळी म्हणजे इंजिन बराच काळ रिच चालले आहे. दाट, तेलकट तपकिरी थर असेल तर इंजिन ऑइल जाळते आहे. पांढरा, चुनखडीसारखा थर सर्वांत चिंतेचा: तो हेड गॅस्केटमधून आत येणाऱ्या कूलंटमुळे किंवा इंजिन जोडताना वापरलेल्या साध्या सिलिकॉन सीलंटच्या वाफेमुळे येतो. ऑइल किंवा कूलंटची ही मूळ कारणे तशीच राहिली तर नवा सेन्सरही त्याच वाटेने जाणार. सिरॅमिक तडकलेले आढळले तर तापलेला सेन्सर खोल पाण्यात भिजला किंवा त्याला धक्का बसला, असा तर्क करता येतो. पेट्रोलने किंवा वायर ब्रशने टोक साफ करून सेन्सर पुन्हा बसवण्याचे उपाय सांगितले जातात. आत मुरलेले विष बाहेरून घासून निघत नाही, त्यामुळे त्यांत वेळ घालवू नये.

नवा बसवणे

भोकाच्या आट्यांवर बोट फिरवून पाहावे. खरखर लागली तर एम १८ × १.५ मापाचा टॅप (आटे कापण्याचे हत्यार) हाताने हलकेच फिरवून आटे साफ करावेत. पुष्कळ सेन्सर याच मापाचे असतात, तरी काही गाड्यांत लहान मापाचे येतात, म्हणून नव्या सेन्सरशी ताडून पाहावे. टॅपला थोडे ग्रीस लावले की किस त्याला चिकटून बाहेर येतो.

नव्या सेन्सरच्या टोकावरची संरक्षक टोपी शेवटच्या क्षणी काढावी आणि टोकाला हात लावू नये. हातातून फरशीवर पडलेला सेन्सर बाहेरून धड दिसला तरी आत तडकलेला असू शकतो. आट्यांवर कंपनीने लावलेला राखाडी लेप असेल तर वरून काही लावू नये. नसेल तर सेन्सरसोबत आलेला उच्च तापमानाचा अँटी-सीझ (आटे अडकू नयेत म्हणून लावायचा लेप) फक्त आट्यांवर, पातळ, आणि टोकाच्या जाळीपासून दूर लावावा. आधी चार-पाच आटे निव्वळ बोटांनी फिरवावेत. बोटांनी फिरत नसेल तर तो तिरका चढतो आहे. काढून पुन्हा लावावा. मग टॉर्क पान्याने आवळावा. एम १८ मापासाठी साधारण ३५ ते ४५ न्यूटन मीटर इतका टॉर्क दिला जातो, तरी सेन्सरच्या खोक्यावरील किंवा मॅन्युअलमधील आकडा अंतिम मानावा.

तार जुन्याच वाटेने, त्याच क्लिपांतून न्यावी, पिळलेली असेल तर पीळ काढावा आणि इंजिन हलते तेव्हा ती ताणली जाणार नाही इतकी सैल ठेवावी. मॅनिफोल्डजवळून जाणाऱ्या भागावरचे उष्णतारोधक आवरण परत चढवावे. कपलर टक् असा आवाज येऊन लॉक झाला पाहिजे.

दिवा विझल्यानंतरचे काम

बॅटरी जोडून कोड पुसावा. ॲपमध्ये सोय असेल तर जुनी लाँग टर्म ट्रिमही शून्य करावी, नाहीतर मेलेल्या सेन्सरच्या काळात शिकलेले माप ईसीयू काही काळ पुढे ओढत राहतो. इंजिन सुरू केल्यावर सेन्सरच्या बुंध्याशी फुसफुस ऐकू येत नाही ना ते पाहावे. स्प्रेचे अवशेष जळून सुरुवातीला थोडा धूर येतो, तो चिंतेचा नाही. एक-दोन मिनिटांत आकडा ०.४५ वरून हलून वरखाली होऊ लागला आणि अर्ध्या तासाच्या रपेटीनंतर ट्रिम शून्याकडे सरकली, तर काम योग्य झाले.

कोड पुसल्याने ईसीयूच्या स्वयंचाचण्यांची नोंदही कोरी होते, आणि दिवा लगेच लागला नाही म्हणजे दोष गेलाच असे नसते, कारण बहुतेक कोडांसाठी लागोपाठ दोन प्रवासांत तोच दोष आढळल्यावरच दिवा लागतो. म्हणून पुढचे काही दिवस शहरातल्या वाहतुकीबरोबरच हायवेवर एकसारख्या वेगाचीही एखादी फेरी मारावी आणि मग ‘पेंडिंग’ कोडांचा, म्हणजे दोष आढळला पण दिवा अजून लागला नाही अशा कोडांचा, पडदा उघडून पाहावा. तेथे पी ०१३५ पुन्हा आला तर फ्यूज आणि कपलरकडे परतावे. पी ०१७१ आला तर व्हॅक्युमच्या गळतीकडे. आणि पहिला सेन्सर नीट चालू असताना पी ०४२० आला तर इतका काळ रिच चाललेल्या इंजिनाने कन्व्हर्टरचेही नुकसान केले आहे, हे गृहीत धरून त्याची तपासणी करावी. ॲव्हरेज वाढले की नाही हे डॅशबोर्डच्या आकड्यावरून न ठरवता टाकी भरून, चालवून, त्याच पंपावर पुन्हा भरून मोजावे, आणि तेही लागोपाठ दोन-तीन टाक्यांवर, कारण एका टाकीत वाहतूक, एसी आणि पाऊस यांचाच फरक सेन्सरच्या फरकाहून मोठा असू शकतो.